‘अपेक्षा सोड’ म्हणजे नेमकं करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे. मिस्टर बुटीबोरीच्या कारखान्यात आहेत, ‘सातपर्यंत येतो’ म्हणतात आणि येत नाहीत. मुलगा बारावीत आहे, नीटची तयारी चालू आहे, सराव परीक्षेत चारशेच्या आसपास अडकला आहे. सासूबाई स्वयंपाकघरात प्रत्येक गोष्टीवर बोलतात. आई, बहीण, मैत्रिणी सगळ्या एकच सांगतात, “तू अपेक्षाच काहून ठेवून राहिली? सोडून दे ना.” ताई विचारतात, सोडायचं म्हणजे करायचं काय? ठरवते, दोन दिवस गप्प राहते, तिसऱ्या दिवशी फुटते.

ताई, ‘सोडून दे’ हा सल्ला देणाऱ्याला सोपा जातो आणि घेणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, कारण त्यात कृती नाही. म्हणून उत्तर लांबलं आहे.

आधी तिसऱ्या दिवसाचं बघू. पहिले दोन दिवस तुम्ही वास्तव स्वीकारत नसता, विचार दाबत असता. डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. नंतर त्याच विद्यार्थ्यांना खुशाल विचार करा म्हणून सांगितलं, तेव्हा ज्यांनी आधी दाबला नव्हता त्यांच्यापेक्षा यांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं. दाबलेली नाराजी याच मार्गाने जाते. गप्प बसणं हा स्वीकार नाही आणि तो जमला नाही म्हणून तुमचा स्वभाव वाईट ठरत नाही.

स्वीकार म्हणताना लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. ‘हे सध्या असं आहे’ ही माहिती. ‘हे असंच राहिलं तरी चालेल’ ही परवानगी. स्वीकार फक्त पहिल्या गोष्टीचा करायचा असतो. परवानगी द्यायची की नाही, हा नंतरचा, वेगळा निर्णय आहे, आणि तो माहिती पक्की झाल्यावरच नीट घेता येतो. ‘स्वीकारलं तर अन्याय मान्य केल्यासारखं होईल’ या भीतीने माणसं माहितीच नाकारत बसतात आणि वर्षानुवर्षं चुकीच्या जागी जोर लावतात.

चुकीच्या जागी जोर म्हणजे काय, ते आपल्या नागपुरी कूलरवर दिसतं. मे महिन्यात तापमान ४४ अंश आणि हवेतली आर्द्रता १५ टक्के असेल तेव्हा चांगला कूलर खोलीत २८-२९ अंशांची हवा सोडतो. जूनच्या शेवटी बाहेर ३५ अंशच असतात, पण आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेलेली असते. तेव्हा तोच कूलर ३१ च्या खाली जात नाही, वरून खोली चिकचिकीत करतो. पाण्याचं बाष्प होताना हवा गार होते, आणि आधीच भिजलेल्या हवेत बाष्प होणार किती? तरी दरवर्षी जूनमध्ये घरोघरी पॅडचं गवत बदललं जातं, पंप उघडला जातो, मेकॅनिकला शिव्या बसतात. कूलर बिघडलेलाच नसतो, ऋतू बदललेला असतो. हे एकदा मान्य केलं की करायचं ते साधं आहे: पंप बंद, नुसता पंखा चालू, समोरची खिडकी उघडी, म्हणजे दमट हवा बाहेर जाते. इथे ‘गारवा हवा’ ही अपेक्षा कोणी सोडलेली नाही. कूलर काय करू शकतो याचा हिशोब दुरुस्त केला, एवढंच. माणसांच्या बाबतीतही आपण तेच करणार आहोत, फक्त माणसं बोलतात आणि दुखावतात, म्हणून काम जास्त जपून करावं लागतं.

आधी वही

शंभर पानी साधी वही घ्या. मोबाईलमध्ये लिहू नका, कारण मोबाईल घरातलं कोणीही उघडतं. पहिल्या पानावर अपेक्षा लिहायची, पण तपासता येईल अशा वाक्यात. ‘यांनी मला समजून घ्यावं’ हे तपासता येत नाही. ‘रविवारी संध्याकाळी अर्धा तास फोन बाजूला ठेवून माझ्याजवळ बसावं’ हे तपासता येतं. पुष्कळ अपेक्षा या पहिल्याच पायरीवर अडतात. आपल्याला नेमकं काय हवं हेच ठरलेलं नसतं, तर समोरच्याने ते पुरं कसं करावं?

वाक्याशेजारी एक खूण करा: ही अपेक्षा न सांगितलेली आहे, सांगितलेली आहे, की समोरच्याने कबूल केलेली आहे? या तिघींची वागणूक वेगळी. न सांगितलेल्या अपेक्षेवर रागवायला जागाच नाही, ती आधी सांगावी लागते. सांगितलेली ही विनंती असते, तिला नकार मिळू शकतो. कबूल केलेली मोडली तर मात्र बोलायचा हक्क आहे. आपल्या घरांमध्ये ‘सांगावं लागतं का, कळत नाही का?’ हे वाक्य फार चालतं. माझं स्पष्ट मत आहे की हो, सांगावं लागतं. वीस वर्षांच्या संसारातही सांगावं लागतं.

मग एकच अपेक्षा निवडून १४ दिवस नोंद ठेवायची. रोज रात्री पाच मिनिटं, रकाने चार: तारीख, मला काय हवं होतं, काय झालं, मला किती लागलं (० ते १०). ‘काय झालं’ या रकान्यात विशेषण नको. ‘नेहमीसारखेच बेफिकीर’ असं न लिहिता ‘८.४० ला आले, फोन केला नव्हता’ असं लिहायचं. १४ दिवस यासाठी की त्यात दोन शनिवार-रविवार येतात, आणि एखादा आठवडा पाहुण्यांमुळे किंवा सणामुळे बिघडला तरी दुसरा उरतो. दिवाळीचे किंवा लग्नसराईचे दिवस मोजायला घेऊ नका, त्या दिवसांत कोणाचंच वेळापत्रक खरं नसतं.

दोन पथ्यं कडक पाळा. वही कोणाला दाखवायची नाही आणि भांडणात तिचा उल्लेख करायचा नाही. “चौदा दिवसांत तुम्ही नऊ वेळा उशिरा आलात, लिहून ठेवलंय मी” हे वाक्य तोंडातून निघालं की नोंदीचं आरोपपत्र झालं, आणि समोरचा माणूस त्यानंतर खरं सांगायचा बंद होतो. दुसरं, नोंदीच्या काळात समोरच्याला सुधारायला जायचं नाही. आपण टोकत राहिलो तर आपण काय मोजलं, त्याची सवय की आपल्या टोकण्याचा परिणाम, हेच कळत नाही.

सात वाजताचं उदाहरण

समजा, कामाच्या दहा दिवसांच्या वेळा अशा निघाल्या: ७.१०, ८.०५, ८.२०, ८.२०, ८.३०, ८.३५, ८.४०, ८.४५, ९.१०, १०.१५. याची सरासरी काढू नका, कारण सव्वादहासारखा एखादा दिवस आकडा ओढून नेऊ शकतो. वेळा लहान ते मोठ्या क्रमाने लावा आणि मधली बघा. इथे ती साडेआठ-आठ पस्तीस आहे. म्हणजे वास्तव असं: हे साडेआठच्या सुमारास येतात, दहांतून आठ दिवस आठ ते सव्वानऊच्या मध्ये. सातचा आकडा दहांत एकदाच जवळपास खरा ठरला.

आता कळीचा प्रश्न. रोज ‘सातपर्यंत येतो’ म्हणणारा माणूस खोटं बोलतो का? बहुतेक वेळा नाही. अंदाज बांधताना माणूस सगळं सुरळीत जाईल असं धरून चालतो, मागच्या वेळी काय झालं ते त्यात धरत नाही. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या चुकीकडे लक्ष वेधलं. पुढे १९९४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल? सरासरी अंदाज आला ३३.९ दिवस. सगळंच बिघडलं तर किती लागतील, याचा अंदाज ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. सगळं बिघडेल असं धरून केलेला अंदाजसुद्धा तोकडा पडला. तुमच्या मिस्टरांच्या ‘सात’मध्ये शिफ्टचं काम पुढच्या माणसाकडे सोपवणं, कोणाशी तरी पाच मिनिटं बोलणं, कंपनीच्या बसची वाट आणि वर्धा रोडवरची गर्दी धरलेलीच नसते. बुटीबोरी ते त्रिमूर्तीनगर हे पंचवीस-तीस किलोमीटर मनातल्या मनात नेहमी रिकाम्या रस्त्याने कापले जातात.

हे कळल्याने उशीर कमी होत नाही. पण ‘याला माझी किंमतच नाही’ हा अर्थ त्या उशिराला आपण चिकटवत होतो, तो सुटा होतो. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती, जी मराठी माणसांपर्यंत कि. मो. फडके यांनी पोचवली, तिचा गाभा हाच आहे. घटना आणि आपला त्रास यांच्या मध्ये आपला समज बसलेला असतो. ‘त्यांनी लवकर यावं असं मला वाटतं’ यातून निराशा येते, ती सहन होते. ‘त्यांनी यायलाच पाहिजे, नाही आले म्हणजे मला काही किंमत नाही’ यातून संताप येतो. लवकर यावं असं वाटणं राहू द्या, ते खरं आहे. ‘च’ तेवढा काढायचा. ‘आलेच पाहिजेत’चं ‘आले तर बरं होईल’ झालं की दहापैकी आठवर असणारा राग चार-पाचवर येतो. शून्यावर येत नाही, आणि यायची गरजही नाही.

चार ओळी, आणि थोडं वाईट वाटू देणं

चौदाव्या दिवशी वहीत चार ओळी लिहा. ‘सध्या असं आहे: हे साडेआठला येतात. मला हवं होतं: सात वाजता एकत्र चहा. तसं होत नाही. याचं मला वाईट वाटतं.’ इथे थांबायचं. पाचवी ओळ ‘पण’ने सुरू होत असेल तर ती लिहू नका, कारण त्या ‘पण’मागे एक तर भांडण असतं किंवा खोटं समाधान.

चौथी ओळ लोक हमखास गाळतात. ‘जाऊ दे, काही नाही’ म्हणून थेट पुढे जातात आणि मग ती राहिलेली खंत भांड्यांच्या आवाजात, पोरावरच्या ओरडण्यात निघते. सात वाजताचा चहा ही लहान गोष्ट वाटते, पण ती गेली याचं दुःख खरं असू शकतं. पंधरा-वीस मिनिटं एकट्याने बसा, गच्चीवर जा, रडू आलं तर येऊ द्या. मोठ्या अपेक्षांना, म्हणजे मुलाचं करिअर, नात्यात हरवलेली जवळीक, न झालेलं मूल, यांना पंधरा मिनिटं पुरत नाहीत, महिने लागतात. तिथे ‘स्वीकारलं का आता?’ असं स्वतःला दर आठवड्याला विचारणंही जाच होतो.

मग ठरवायचं

माहिती पक्की झाल्यावर चार रस्ते उरतात: मागणं, व्यवस्था बदलणं, मर्यादा घालणं किंवा खरोखर सोडणं. बहुतेक घरगुती बाबतीत दुसरा रस्ता सगळ्यात जास्त कामाचा आणि सगळ्यात कमी वापरलेला असतो.

मागताना आकडा आणि पर्याय दोन्ही द्या. असं म्हणता येईल: “अहो, तुम्ही साडेआठच्या सुमारास येता हे माझ्या लक्षात आलं. सातला जमणं कठीण आहे, मग आपण जेवण नऊला ठेवू, मी साडेसहापासून वाट पाहत बसणार नाही. पण बुधवारी पोराच्या क्लासमध्ये साडेसातला बोलावलं आहे. त्या एका दिवशी जमते का ते मंगळवारी रात्रीच सांगा. नाही जमत म्हटलं तर मी भाऊला घेऊन जाते.” यात टोमणा नाही, जुना हिशोब नाही. एक दिवस मागितला आहे, उत्तर कधी द्यायचं ते सांगितलं आहे आणि नकाराची सोयही आहे. हे दारातून आल्या आल्या बोलायचं नाही. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाने बोला. भुकेल्या आणि थकलेल्या माणसाकडून ‘हो हो’ मिळतं, कबुली मिळत नाही.

व्यवस्था बदलणं म्हणजे पोळ्या साडेआठला करणं, संध्याकाळी साडेसहा ते साडेसात ही वेळ चालण्याला किंवा मैत्रिणीला देणं, चहा मुलासोबत घेणं. तीन आठवडे करून बघा आणि मग पुन्हा ठरवा. एका आठवड्यात निकाल लावू नका, पहिला आठवडा सगळ्यांनाच अवघड जातो.

काही मतभेद मिटतच नाहीत. नवरा-बायकोंच्या वादांचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या जॉन गॉटमन यांना असं दिसलं की साधारण ६९ टक्के वाद कायमचे असतात, कारण त्यांचं मूळ स्वभावात आणि आवडीनिवडीत असतं. चांगल्या चाललेल्या संसारातही ते असतात, फक्त तिथे ते बोलले जातात, कुजत नाहीत. त्यामुळे ‘हा वाद अजून मिटला नाही’ यावरून ‘आपला संसार फसला’ असा निष्कर्ष काढू नका.

सासूबाई

इथे अपेक्षा बहुधा ‘त्यांनी बोलू नये’ अशी असते. चाळीस वर्षं ज्यांनी ते स्वयंपाकघर चालवलं, त्यांच्याकडून ही अपेक्षा पुरी होण्याची शक्यता फार कमी आहे, हे आधी मान्य करावं लागेल. नोंदीत इथे एक रकाना वाढवा: वेळ. बोलणं दिवसभर सारखं वाटलं तरी ते एका-दोन वेळांना दाटलेलं निघतं, बहुतेक करून सकाळी डबे भरायच्या घाईत आणि कोणी पाहुणे आलेले असताना. असं निघालं तर तो एक तास सोडवायचा आहे, सगळा दिवस नाही.

त्या तासासाठी डब्याची भाजी आदल्या रात्री चिरून ठेवा, कणीक मळून फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे ओट्याशी थांबायचा वेळ निम्मा होतो. सासूबाईंना नुसती ‘मदत’ देऊ नका, पूर्ण अधिकाराचं एखादं काम द्या. रविवारची पाटोडी त्यांची असेल तर मसाला, तिखट, रस्स्याचा दाटपणा सगळं त्यांचं, आपण त्यात शब्द घालायचा नाही. ज्याला स्वतःची जागा मिळते तो दुसऱ्याच्या कामात कमी डोकावतो. पूर्ण थांबेल असं मात्र धरू नका. उरलेल्या बोलण्याला एकच ठरलेलं उत्तर ठेवा, “बरं आई”, आणि हातातलं काम चालू. ‘बरं’ म्हणजे ऐकलं, करेनच असं नाही. त्यातलं एखादं सांगणं खरंच उपयोगाचं असेल तर ते करा आणि त्यांना तसं सांगाही.

चूक इथे होते: सून ‘बरं आई’ म्हणते पण चेहऱ्यावर सगळं दिसतं, मग संध्याकाळी नवऱ्यापुढे सगळ्याची उजळणी होते. नवऱ्याला रोजचा हिशोब देऊ नका. त्याच्याकडून काही हवं असेल तर एकच नेमकी गोष्ट मागा, ‘पाहुण्यांसमोर आई बोलल्या तर तुम्ही विषय बदला’ एवढीच.

मुलगा आणि नीट

या अपेक्षेत पोराचा जीव अडकलेला असतो, म्हणून इथे आकडे जास्त काळजीने बघा. २०२४ मध्ये २४ लाखांवर मुलांनी नीटसाठी नाव नोंदवलं होतं आणि देशातल्या एमबीबीएसच्या सगळ्या जागा, सरकारी-खासगी मिळून, सव्वा लाखाच्या आतच होत्या. म्हणजे मेहनत करूनही न मिळणं हे बहुसंख्य मुलांचं वास्तव आहे, एका मुलाचं अपयश नाही.

गुणांचा आकडा धरून बसू नका. २०२४ मध्ये पहिल्या क्रमांकाला ७२० पैकी ७२० होते, २०२५ मध्ये पेपर अवघड आला आणि पहिल्या क्रमांकालाच ६८६ मिळाले. एकच गुण दोन वर्षांत अगदी वेगळ्या जागी नेतात. क्लासला विचारायचं ते सराव परीक्षेतल्या क्रमांकाबद्दल: किती मुलांत कितवा, आणि मागच्या वर्षी त्या क्रमांकाच्या आसपासची मुलं कुठे लागली? शेवटच्या पाच सराव परीक्षा घ्या आणि मधला आकडा धरा. पालक हमखास सगळ्यात चांगला पेपर धरतात, ‘त्यादिवशी ४६० आले होते, म्हणजे येऊ शकतात.’ येऊ शकतात, पण पाचांतून एकदा. मुलगा मात्र सगळ्यात वाईट पेपर धरून रात्री जागत असतो.

मग पर्यायांचा कागद परीक्षेच्या आधी बनवा, निकालाच्या दिवशी नाही. राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात, १५ टक्के देशपातळीवर, त्यामुळे ‘मेडिकल नाहीतर मेयो’, म्हणजे नागपुरातली दोन सरकारी महाविद्यालयं, एवढंच धरून बसलं तर यादी तिथेच संपते. नीटच्याच गुणांवर आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी आहे. पशुवैद्यक आहे, आणि त्याचं महाविद्यालय आपल्या नागपुरातच आहे. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीसाठी एमएचटी-सीईटी लागते, तिचा अर्ज वेळेत भरलेला असला पाहिजे. घरोघरी हाच घोटाळा होतो: दुसरा अर्ज भरणं म्हणजे पोराचा भरवसा खचवणं असं वाटून तो भरला जात नाही, आणि जूनमध्ये हातात काहीच उरत नाही. पुन्हा एक वर्ष द्यायचं का, हेही आत्ताच बोला, अटीसकट: या क्रमांकाच्या आत आला तर पुन्हा बसू, नाहीतर नाही, आणि एकदाच.

त्याला सांगायचं वाक्य लहान ठेवा. “तुझे पेपर मी बघितले, कुठे आहेस ते मला कळते. तू डॉक्टर व्हावं असं मला वाटते, पण तेवढ्यावर आपलं काही अडलेलं नाही. हा कागद बघ, तुला यातलं काय आवडते?” एवढं बोलून गप्प बसा. उत्तर लगेच येत नाही, कधी दोन दिवसांनी येतं. त्यानंतर शेजारणीसमोर ‘याचं काही होत नाही’ म्हटलंत तर हे सगळं धुऊन जाईल.

कुठे स्वीकारायचं नाही

मारहाण, पैशासाठी किंवा माहेरावरून छळ, मुलांवर हात उचलणं, दारूपायी घर विकायची वेळ: इथे नोंदवही, चौदा दिवस, चार ओळी यातलं काहीही लागू नाही. तिथे ‘हे असं आहे’ एवढं स्वतःशी कबूल करून लगेच मदत घ्यायची. महिलांसाठी १८१, तातडीला ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात नुसती मारहाण नाही, शिवीगाळ आणि पैशाची अडवणूकही येते. शरीराच्या तक्रारीही ‘वयच झालं’ म्हणून स्वीकारू नका. छातीत दुखणं, दम लागणं, वजन उतरणं हे डॉक्टरांनी बघायचं आहे.

आणखी एक तपासणी स्वतःची. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं येत असेल, तर तो अपेक्षांचा प्रश्न राहिलेला नाही. तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. नागपुरात मेडिकल, मेयो आणि प्रादेशिक मनोरुग्णालय, तिन्हीकडे बाह्यरुग्ण विभाग आहे. मुलाच्या बाबतीत हेच लक्षात ठेवा, आणि त्याने ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही म्हटलं तर त्याच दिवशी न्या, परीक्षा झाल्यावर नाही.

सुरुवात कुठून

तिन्ही गोष्टी एकदम घेऊ नका. मुलापासून सुरुवात करावीशी वाटेल, कारण तीच सगळ्यात जास्त लागते, पण तिथे हात थरथरतो. यायच्या वेळेपासून सुरू करा. ती मोजता येते आणि चुकली तर नुकसान थोडं होतं. ती जमली की सासूबाईंचा तो एक तास. मुलाच्या पर्यायांचा कागद आणि अर्जांच्या तारखा मात्र याच आठवड्यात, त्याला वही लागत नाही.

जमतंय का हे शांत वाटण्यावरून ठरवू नका, शांत वाटणं उशिरा येतं. दोनच गोष्टी बघा. साडेसहा ते साडेआठच्या मध्ये घड्याळाकडे किंवा फोनकडे किती वेळा नजर जाते, आणि राग आल्यावर नेहमीसारखं बोलायला किती वेळ लागतो. आधी रात्रभर लागत असेल आणि आता दोन तास, तर चांगलं चाललं आहे. मध्येच एखाद्या संध्याकाळी पुन्हा फुटाल. त्या दिवसाची नोंद इतर दिवसांसारखीच करा, वेळ, काय झालं, किती लागलं, आणि दुसऱ्या दिवशी जेवण नऊलाच वाढा.